उन्हात न दिसणारा जाळ

आमच्या मागच्या पडवीत पॉलिशचं काम चाले. तिथे स्पिरिटचा वास आणि किस्से असे भरून राहत, की दार उघडलं तरी लवकर बाहेर जात नसत.

आमचे यजमान खुर्च्या-पलंग बनवत. जव्हारात सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. पॉलिशची लाख विरघळवायला मुंबईहून लाकडाच्या स्पिरिटचा डबा येई. दिसायला पाणीच, पण हातावर पडलं, की गार लागून क्षणात उडून जाई. आमच्याकडे कामाला असलेला साखरशेतचा लखमा पहिल्याच दिवशी म्हणाला, "बाय, हा पाहुना बरा. बसाया पाट नाय मागत!"

*

लखमासारखं पॉलिश कुणालाच जमत नसे. बोट न लावता, नुसतं तिरकं बघून तो चूक दाखवी. यजमान चिडत, "तुला दिसतं ते मला का दिसत नाही रे?"

"मिस्त्री, तुमचं डोलं माझ्यावर, माझं लाकडावर!"

*

एकदा भर दुपारी अंगणात सांडलेल्या स्पिरिटवर विडीची ठिणगी पडली. जाळ दिसेचना! यजमान निवांत उभे. लखमा ओरडला, "मिस्त्री, तुमचं धोतर कमी होतंय!"

आधी धोतर विझवलं, मग पोट धरून हसलो. याचा जाळ उन्हात दिसत नाही, अंधारात निळा दिसतो, हे त्या दिवशी कळलं.

*

निळा जाळ ही इकडे मोहाच्या दारूची परीक्षा. घोटभर चुलीत टाकायची. निळी पेटली की चांगली. लखमाच्या मुलीच्या लग्नात दारू कमी पडली. होती ती त्यानं वऱ्हाडाला वाढली आणि स्वतःसाठी आमच्या डब्यातलं नेलं. चुलीत टाकून पाहिलं. "यवढी निळी माझ्या बापानंबी नाय गाळली!" म्हणाला आणि प्याला.

*

दुसऱ्या दिवशी, वैशाखाच्या उन्हात, तो मांडवात डोळे चोळत म्हणाला, "आज धुकं लय पडलंय."

सगळं वऱ्हाड हसलं. व्याही म्हणाला, "लखमा, आधी उतरू दे!"

धुकं उतरलं नाही. संस्थानच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांपुढून दिवा फिरवला, आणि आम्हाला बाहेर बोलावून म्हणाले, "ही दारू नव्हे, विष आहे. जीव वाचला, एवढंच."

*

पावसाळा सरल्यावर लखमा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आला.

"बाय, थोडं पेटवून दाव."

मी अंगणात ताटलीत स्पिरिट पेटवलं.

"नाय दिसत."

"उन्हात कुणालाच दिसत नाही रे," मी म्हटलं.

"मंग आत घे."

आत दार-खिडकी लावून पुन्हा पेटवलं. वीतभर निळा जाळ उभा राहिला. त्यात त्याच्या बायकोचा चेहराही निळा दिसत होता. लखमानं ऊब येत होती तिकडे तोंड केलं. मग म्हणाला,

"बाय, इथंबी ऊन लय हाय."