वेगवेगळ्या मापाची काडतुसं

अमेरिकेत, ईडन प्रेरीला घर घेतलं त्याच्या तिसऱ्या वर्षी मी रायफल घेतली. ऑफिसातले दोघंतिघं दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जायचे आणि मला त्यांच्यातलं व्हायचं होतं, बस. पण दुकानातली काडतुसं त्या रायफलला मानवेनात. शंभर यार्डांवर पाच गोळ्या पंजाएवढ्या जागेत विखुरायच्या. एक जण म्हणाला, "काडतुसं घरी भर. प्रत्येक रायफलचं माप वेगळं असतं, ते शोधावं लागतं." मग बेसमेंटमध्ये काडतुसं भरायचा प्रेस बसवला, तराजू आणला.

माझ्यात चिकाटी नाही. बायको हॉस्पिटलच्या फार्मसीत होती. मोजणं हेच तिचं काम. एकदा कपडे धुवायला खाली आली आणि माझ्यामागे उभी राहिली.

"अरे, तराजूला पंख्याचा वारा लागतोय. आकडा हलतोय बघ."

पंखा बंद करून ती स्टुलावर बसली, ती उन्हाळाभर उठली नाही. पुस्तकातल्या सगळ्यात कमी मापापासून सुरुवात करून तिने बंदुकीची दारू किंचित किंचित वाढवत नेली. प्रत्येक मापाची पाच काडतुसं, वर मार्करची खूण, वहीत नोंद. शनिवारी नेमबाजी क्लबच्या रेंजवर मी झाडायचो, ती कागदावरच्या भोकांमधलं अंतर मोजायची. ऑगस्टमध्ये एका सकाळी पाचही गोळ्या एका नाण्याखाली झाकतील अशा बसल्या. सोमवारी तो कागद मी ऑफिसात दाखवला. "मी शोधलेलं माप," म्हणालो.

पुढच्या शनिवारी ती म्हणाली, "मी मारून बघू?" तिची भोकं माझ्यापेक्षा एकमेकांच्या जवळ पडली. त्यानंतरच्या शनिवारीही. रेंजवर आलेला ऑफिसातला मित्र हसत म्हणाला, "आता तू फक्त तिची बॅग उचल." मीही हसलो. घर येईपर्यंत गाडीत तिच्याशी एक शब्द बोललो नाही.

सप्टेंबरात क्लबची स्पर्धा होती. तिने नाव दिलं. त्या आठवड्यात तिच्या लागोपाठ शिफ्ट होत्या.

"वीस काडतुसं भरशील? वहीप्रमाणे."

"भरतो की."

मी भरली. एकात दारू थोडी कमी, एकात गोळी थोडी जास्त आत. कोणतीही दोन सारखी नाहीत. तिला इजा होणार नाही एवढी काळजी घेतली, तेवढीच.

स्पर्धेत तिच्या गोळ्या कागदभर पसरल्या. ती श्वास सावरत होती, खांद्याची जागा बदलत होती, चूक स्वतःत शोधत होती. पंधरा गोळ्यांनंतर ती स्पर्धा सोडून उठली. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "प्रॅक्टिसमध्ये सगळ्यांनाच जमतं."

दुसऱ्या दिवशी तिने मला खाली बोलावलं. उरलेली पाच काडतुसं तिने उघडली होती. पाच वाट्यांत दारूच्या पाच ढिगल्या.

"मोज आणि वाच."

मी वाचलं.

"मोठ्याने."

पाच आकडे, पाचही वेगळे.

"चुकून झालं?"

"नाही."

ती रडली नाही. "जे तिथे बोललास, त्यांच्यासमोरच हे सांगायचं. शनिवारी."

शनिवारी मी सांगितलं. ऑफिसातला मित्र बुटांकडे बघत राहिला. रेंज चालवणाऱ्या म्हाताऱ्याने माझं क्लबच्या सभासदत्वाचं कार्ड मागितलं, खिशात घातलं आणि सांगितलं की दुसऱ्याच्या काडतुसांशी खेळणारा माणूस त्याला तिथे नको. मग तिच्याकडे वळून त्याने विचारलं, तुझं नाव पुढच्या स्पर्धेत घालू ना? ती हो म्हणाली. मी गाडीत जाऊन बसलो. ती दोन तासांनी आली.

आम्ही अजून एकाच घरात राहतो. बेसमेंटच्या दाराला तिने कुलूप लावलंय, किल्ली तिच्या पर्समध्ये असते. परवा जेवायला आलेल्या एका काकूंनी कुलपाबद्दल विचारलं. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "आत दारू असते ना, काकू. ह्याचा भरवसा नाही."

काकूंनी भलताच अर्थ घेतला. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "प्रयत्न केला की सुटते रे." मी बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्या ताटात भात वाढत होती.