आपटाळ्याच्या रस्त्यावर एकवीस किलोमीटर

अवसरीला इंजिनिअरिंग कॉलेज नवं नवं सुरू झालं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी मंचरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. राहायला सासरी, महाळुंगे पडवळला. पस्तिशी ओलांडली होती आणि डोक्यात ट्रायथलॉनचं खूळ शिरलं होतं.

ते शिरवलं माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीनं. ती पुण्यात पोहायला शिकवायची. दिवाळीत भेटली तेव्हा म्हणाली, "तू कुकडी नदीत पोहत वाढलेली, शाळेत असताना तालुक्याला पळायला जायचीस. सायकल कुणालाही येते. तू करशील." समुद्रात पोहायचं, बाहेर आलं की तशीच सायकलवर टांग मारायची आणि सायकल ठेवली की पळायला लागायचं, सगळं एका दिवसात. शर्यत उन्हाळ्यात होती. मी लगेच हो म्हणाले, आणि घरी परत येताना एसटीत मला हसू आवरेना.

पोहायला आमची विहीर होती, पण विहिरीत लांब अंतर कसं कापणार? गोल गोल फिरून चक्कर यायची. मग घोड नदीच्या बंधाऱ्यावर जाऊ लागले. नवऱ्याची जुनी ट्रॅकपँट आणि पूर्ण बाह्यांचा टीशर्ट घालून पाण्यात उतरायचे, नवरा काठावर बसायचा. पळायला पहाटे निघता यायचं नाही, कारण दोन्ही बाजूंना ऊस आणि उसात बिबट्या. दिसायला लागल्याशिवाय घराबाहेर पाय टाकायचा नाही, हा सासूबाईंचा नियम. त्यांना मी आत्या म्हणते. त्यांनी माझ्या या उद्योगाबद्दल तेवढा एक नियम सांगितला, बाकी चांगलं नाही की वाईट नाही. गावातल्या बायका विचारायच्या, "सूनबाई कुठं पळती ओ रोज?" आत्या म्हणायच्या, "तिलाच इचारा." मला ते लागायचं. रागावल्या असत्या तर भांडता तरी आलं असतं.

हिवाळ्यात जुन्नरच्या काही तरुणांनी पहिल्यांदाच हाफ मॅरेथॉन भरवली. जुन्नरमधून आपटाळ्याच्या दिशेनं जायचं आणि त्याच रस्त्यानं परत, एकूण एकवीस किलोमीटर. मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "पळ, पण शर्यत म्हणून नाही. आदल्या दिवशीची लांब सायकल चुकवायची नाही. दमलेल्या पायांनी पळायला शिकायचंय तुला. अर्धं अंतर होईपर्यंत कुणी पुढं गेलं तर जाऊ द्यायचं."

म्हणून शनिवारी मी सायकलवर तळेघरला गेले. डिंभ्याच्या पुढं चढ सुरू होतो तो संपतच नाही. वरती भाताची खाचरं रिकामी झाली होती, नाचणीची काडं रचून ठेवलेली. तळेघरला टपरीवर चहा घेतला आणि परत फिरले. घरी आल्यावर जिना चढताना भिंतीला हात लावावा लागला.

रविवारी सकाळी जुन्नरला थंडी अशी होती की लोक उभ्याउभ्या पाय आपटत होते. माइकवरचा माणूस सारखा सांगत होता, "महिलांनी डावीकडं यावं, पाच किलोमीटरवाल्यांनी डावीकडं यावं." मी उजवीकडं उभी होते. एक कार्यकर्ता जवळ आला.

"मॅडम, लेडीज तिकडं."

"मी एकवीसला आहे."

"एकवीस लई होतं मॅडम. जेन्ट्स लोक बी थांबत्यात मधी."

"माझा नंबर बघा ना," मी म्हणाले आणि छातीवरचा कागद सरळ करून दाखवला. एकवीसवाल्यांचे नंबर लाल शाईत होते. तो ओशाळला, "सॉरी, सॉरी" म्हणत मागं सरला. आजूबाजूला बघितलं तेव्हा आणखी तीन बायका दिसल्या. त्यातली एक पुण्याहून आलेली होती, उंच, पायात भारी बूट. आम्ही एकमेकींकडं बघून हसलो.

सुरुवातीला सगळे सुसाट सुटले. अवसरीच्या कॉलेजची पोरं तर आरडाओरडा करत गेली. त्यातला एक मागं वळून म्हणाला, "काकू, पाचवाल्यांचं वळण ऱ्हायलं मागं!" मी म्हटलं, "माहितीय." पाय लाकडासारखे झाले होते. आदल्या दिवशीचा प्रत्येक चढ मांड्यांत शिल्लक होता. एकेक जण पुढं जात होता आणि मी जाऊ देत होते. हे पळण्यापेक्षा अवघड होतं. मनात येत होतं की ओरडून सांगावं, अहो, मी काल तळेघरला सायकलवर जाऊन आलेय! पण ऐकायला कोण होतं? कांद्याच्या वाफ्यात खुरपणाऱ्या बायका तेवढ्या मान वर करून बघत होत्या.

परतीच्या वळणापाशीच रस्त्याच्या कडेला एक पिकअप उभी होती. पिकअप ओळखीची वाटली. मग तिच्याजवळच्या बायका ओळखीच्या वाटल्या. आमच्या आळीतल्या चार जणी, आणि त्यांच्या पुढं, नऊवारीचा काष्टा मारून, हातात कळशी आणि स्टीलचा पेला घेतलेल्या आत्या.

मी थांबलेच. "आत्या, तुम्ही इथं?"

"लेण्याद्रीला दर्शनाला चाललो व्हतो," आत्या म्हणाल्या. "वाट चुकली."

लेण्याद्रीला ही बाई लग्न होऊन आली तेव्हापासून जातेय. तिकडं जाताना आपटाळ्याच्या रस्त्याला वाट चुकून कुणी येत नाही. मागं उभ्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. आत्यांनी पेला माझ्या हातात दिला. लिंबू, गूळ आणि मीठ घातलेलं पाणी होतं.

"उभी नको राहू. पाय धरत्याल," त्या म्हणाल्या. "पी अन् लाग चालाया. पळाया."

मी पेला परत दिला आणि निघाले. मागून त्यांचा आवाज आला. इतका मोठा आवाज मी त्यांचा घरात कधी ऐकला नव्हता. त्या बरोबरच्या बायकांना नाही, रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगत होत्या, "आमची सून हाय ती! महाळुंग्याची!"

वळण घेऊन मी परत फिरले तेव्हा अर्धं अंतर झालं होतं आणि आता मला मोकळीक होती. पाय हलके झाले असं खोटं सांगणार नाही. जडच होते, पण त्या जडपणाची मला महिनाभराची सवय होती, बाकीच्यांना नव्हती. आधी कॉलेजची पोरं भेटली. कुणी कमरेवर हात ठेवून चालत होतं, कुणी पोटरी चोळत बसलेलं. वळणाबद्दल सांगणाऱ्या मुलाच्या शेजारून जाताना मी म्हटलं, "चल रे, थोडंच राहिलंय." तो उठला आणि थोडा वेळ माझ्याबरोबर पळाला, मग म्हणाला, "जावा काकू तुमी." समोर शिवनेरी दिसत होता आणि मी एकेकाला मागं टाकत होते. सकाळी पुढं गेलेल्यांचे शर्ट मला पाठीकडून पाठ झाले होते. निळा गेला, पिवळा गेला, पट्ट्यापट्ट्यांचा गेला. शेवटी गावात शिरताना दुकानांची फळकुटं उघडत होती. दाढीवाले एक आजोबा पायरीवर उभे राहून टाळ्या वाजवत म्हणाले, "शाब्बास बेटी, मर्दांना मागं टाकलं!"

बायकांत मी दुसरी आले. पुण्याची ती उंच बाई पहिली. तिनं मला मिठी मारली आणि विचारलं, "कुणाकडं ट्रेनिंग करतेस?" मी म्हटलं, "विहिरीत सुरू केलं, आता बंधाऱ्यावर असते." तिला वाटलं मी चेष्टा करतेय.

घरी जाताना मी पिकअपमध्ये मागं, बायकांच्या मधे बसले. सकाळी माझ्याबरोबर एसटीनं आलेला नवरा पुढं ड्रायव्हरजवळ. मी उन्हाळ्यातल्या शर्यतीचं बोलले तेव्हा शेजारची एक जण म्हणाली, "म्हंजी यापरीस मोठी? काय आसतं त्यात?" मी सांगायला तोंड उघडलं, पण आत्यांनी आधी सुरू केलं.

"पयलं समुद्रात पवायचं. दोनेक किलोमीटर. मंग वल्ल्या अंगानं सायकल, आपल्या घरून तळेघर अन् माघारी, तेवढी. अन् ती ठिवली की मंग हे आज पळली तेवढं."

"एकाच दिशी?"

"एकाच दिशी. मधी निजायचं न्हाई, बसायचं न्हाई."

आत्यांनी मला कधी एका शब्दानं विचारलं नव्हतं. सगळं मी ओट्यावरून मैत्रिणीशी फोनवर बोलायचे तेव्हा त्यांनी भाकऱ्या थापताथापता ऐकलेलं. अंतरंसुद्धा बरोबर होती.

उन्हाळ्यात ती शर्यत मी पूर्ण केली, मागच्या फळीत पण ताठ मानेनं. त्या शर्यतीचं पदक शोकेसमध्ये पुढं आहे आणि जुन्नरचं मागं. तरी पाहुण्यांना आत्या सांगतात जुन्नरचंच, कारण ते त्यांनी स्वतः बघितलंय.

त्या रविवारी गावात पिकअप थांबली तेव्हा माझे गुडघे वाकेनात. फाळक्यावरून उतरायला दोघींनी मला काखेत धरलं. मी वाकडीतिकडी होऊन हसत होते. पारावर माणसं बसली होती.

"सरळ चाल," आत्या कानाशी म्हणाल्या, "समदे बघत्यात."

मी सरळ झाले आणि आम्ही दोघी पारासमोरून, मुद्दाम हळू, घराकडं चालत गेलो.