डार्लीनचं नववं ग्रीन

मी गोल्फच्या मैदानावरच्या नवव्या ग्रीनच्या, म्हणजे खड्ड्याभोवतालच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, मधोमध एका पायावर उभा होतो, दुसरा पाय हवेत होता, आणि अवजारांच्या शेडकडून डार्लीन होकस्ट्रा ओरडत येत होती, "डॉक! आहात तिथंच थांबा! पाऊल टेकलंत तर याद राखा!"

मी दातांचा डॉक्टर. सगळा जन्म दुसऱ्यांना 'आ करा' म्हणण्यात गेलेला. मला कुणी दरडावायची सवय नाही. पण डार्लीननं वीसेक वर्षं शाळेची बस चालवलेली आहे. मागच्या बाकावरची मारामारी ती मान न वळवता, नुसत्या आवाजावर थांबवायची. माझा पाय हवेतच राहिला.

गुन्हा म्हणाल तर एवढाच, की आदल्या संध्याकाळी चेंडू खड्ड्यात ढकलायची माझी काठी मी ग्रीनपलीकडच्या बाकावर विसरलो होतो, ती आणायला निघालो होतो. ऑक्टोबर लागला की आमच्या लार्च लेक गावात सकाळी गवतावरचं दव गोठतं. ते वितळेपर्यंत मैदान बंद. तशी पाटी डार्लीन दारात लावते आणि आम्ही सगळी पेन्शनर मंडळी क्लबच्या खिडकीशी बसून, कॉफी पीत, सूर्याच्या आळशीपणावर टीका करतो. मी पाटी वाचली होती. पण मला वाटलं, ती खेळणाऱ्यांसाठी आहे.

"अगं, मी खेळत नाहीये! नुसता चालतोय!"

"तेच तर करायचं नसतं! गोठलेलं पातं पायाखाली काचेसारखं मोडतं. आत्ता काही दिसणार नाही. उद्या बघा, टाकलेलं एकेक पाऊल काळं उमटेल."

"मग मागं फिरू?"

"फिरलात की आणखी तेवढीच पावलं."

"पुढं येऊ?"

"पुढं आलात तरी तेवढीच."

"मग करू काय?"

तिनं आभाळाकडं बघितलं. "उभे राहा. ऊन येतंय."

"एका पायावर?"

"दुसरा ठेवा हळूच, पहिल्याला चिकटून. जागा जास्त खाऊ नका."

अशा रीतीनं मी, गावातल्या निम्म्या दाढा ज्याच्या हातून गेल्या असा प्रतिष्ठित नागरिक, पाय जुळवून ग्रीनवर खांबासारखा उभा राहिलो. खिडकीत गर्दी जमली. कुणीतरी काचेवर टकटक करून वाफाळता कप मला उंचावून दाखवला. मैदानाची निगा राखणाऱ्यांचा मुख्य गस पेरो आपली छोटी गाडी घेऊन आला, माझ्याकडं बघितलं आणि डार्लीनला म्हणाला, "खड्ड्यातला झेंडा ह्याच्या हातात देऊ का? तेवढंच काम होईल."

डार्लीन हसली नाही, तेव्हा कुठं मला प्रकरणाचं गांभीर्य कळलं. तोंड फिरवून ती नाक पुसत होती, आणि ते थंडीमुळं नव्हतं.

तिची गोष्ट सगळ्या गावाला माहीत होती, फक्त काठी आणायला निघताना मला आठवली नव्हती. तिची बस रोज सकाळी ह्या नवव्या ग्रीनशेजारच्या थांब्यावर थांबायची. पोरं चढेपर्यंत ती खिडकीतून गसचं गवत कापायचं यंत्र बघत बसे: एक पट्टा जाताना फिका, एक येताना गडद. उन्हाळ्याच्या सुट्टीत बस बंद, म्हणून तिनं इथं गवत कापायचं काम धरलं. पहिल्या उन्हाळ्यात पैशासाठी आली. दुसऱ्या उन्हाळ्यात गसला प्रश्न विचारून विचारून हैराण केलं. हे पिवळं का पडलं, ते तांबूस का झालं, ह्या कोपऱ्यात शेवाळ का धरतं. शेवटी गस म्हणाला, "बाई गं, मला जेवढं येत होतं ते संपलं. आता कॉलेजात जा."

ती खरंच गेली. वयाच्या पंचेचाळिशीत, बस सोडून, गोल्फच्या मैदानाचं गवत कसं सांभाळावं ह्याचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. वर्गात सगळी कोवळी पोरं, त्यांतली काही तर तिच्याच बसमधून शाळेत गेलेली. पहिल्या दिवशी पोरं गोंधळ करत होती, तेव्हा हिनं सवयीनं "खाली बसा!" म्हटलं, तर पोरांबरोबर मास्तरही बसले, असं तिची मुलगी सांगते. घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत कुंड्यांऐवजी गवताचे तुकडे ओळीनं मांडलेले. मी एकदा चेरीचं गोड खायला गेलो होतो. फ्रिजला, जिथं लोक नातवंडांचे फोटो लावतात, तिथं गवताच्या रोगांचे फोटो. मी म्हटलं, "हे बघून जेवण जातं?" ती म्हणाली, "तुमच्या दवाखान्यात किडक्या दाताचं चित्र होतं त्याच्यापेक्षा बरं आहे."

शेवटची परीक्षा प्रत्यक्ष कामाची. एक ग्रीन संपूर्ण हंगामभर विद्यार्थ्याच्या हवाली करायचं: कापणं, पाणी, खत, रोगराई, सगळं त्याचं. शेवटी प्राध्यापक येऊन बघणार. डार्लीननं नववं मागून घेतलं होतं. त्यात भर म्हणजे हिवाळ्यात गस निवृत्त होणार होता आणि गावाच्या समितीनं त्याला स्पष्ट सांगितलं होतं, डार्लीनच्या हातात प्रमाणपत्र असेल तर तुझी जागा तिला. नाहीतर बाहेरून माणूस आणू. म्हणजे त्या ग्रीनवर तिचं सगळं पुढचं आयुष्य पसरलेलं होतं, आणि त्याच्या मधोमध मी उभा होतो.

प्राध्यापक पुढच्या आठवड्यात येणार होते.

ऊन आलं, दव वितळलं, माझी सुटका झाली. ती म्हणाली होती तसंच झालं. दुसऱ्या दिवशी पावलं काळपट झाली, मग वाळक्या पेंढ्याच्या रंगाची. माझा डावा पाय चालताना बाहेर वळून पडतो. तो मी जन्मभर पँटच्या घोळात लपवला होता, आता सगळ्या गावानं बघितला. पण खरी गंमत पुढंच. पावलं ग्रीनच्या कडेला सुरू होत होती, मध्यापर्यंत येत होती, तिथं दोन पाय जुळवून थांबत होती, आणि संपत होती. परत फिरल्याची खूण नाही, पुढं गेल्याची नाही. बाहेरगावचे खेळाडू तिथं टोपी काढून थबकायचे. गस त्यांना गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "आमचे डॉक. फार चांगला माणूस होता. इथूनच वर गेले."

मी दुकानात पाव आणायला गेलो तरी लोक विचारायचे, "काय डॉक, वर जागा नव्हती का?"

तोंड लपवून किती दिवस काढणार? मी शेडमध्ये गेलो. गस हिरव्या रंगाचा डबा घेऊन बसला होता. गवताला मारायचा रंग असतो. हिवाळ्यात मैदानं सजवायला वापरतात.

"अगं, एक हात मार आणि मोकळी हो," तो डार्लीनला म्हणत होता. "परीक्षक म्हातारा आहे. चष्मा पुसेपर्यंत परीक्षा संपेल."

"किंवा तेवढे तुकडे कापून काढ," मी म्हटलं, "आणि दुसरीकडचं चांगलं गवत बसव. आम्ही दातात भरतो तसं."

डार्लीननं डब्याचं झाकण घट्ट लावलं. "कीड लागली तर तुम्ही कोरता ना डॉक? इथं कीड नाही. पातं मेलंय, मूळ जिवंत आहे. आपोआप भरून येईल."

"पुढच्या आठवड्यापर्यंत?"

"नाही."

"मग?"

"मग दिसेल त्यांना."

"आणि नापास केलं तर?"

तिनं पाना उचलला. कापायच्या यंत्राचं पातं जरा वर चढवायला लागली, गवत थोडं उंच राहावं म्हणून.

प्राध्यापक स्टेंगल आले त्या दिवशी मी क्लबच्या खांबाआड पॅनकेकची बशी घेऊन उभा होतो. खाल्लं काहीच नाही. उंच, वाकलेला माणूस, खिशात चाकू आणि भिंग. गुडघे टेकून त्यांनी गवताचा एक तुकडा उपसला, मुळं बघितली, वास घेतला, चक्क चावून बघितला की काय असं मला वाटलं. मग उठले आणि माझ्या पावलांशी आले. एकेका पावलाबरोबर कडेकडेनं चालत मध्यापर्यंत गेले. तिथं थांबले. डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. मग, देवाशपथ सांगतो, वर बघितलं.

"हा माणूस कुठं गेला?"

"कुठंच नाही सर," डार्लीन म्हणाली. "मी इथंच उभा करून ठेवला. दव वितळेपर्यंत."

"किती वेळ?"

"बराच. कुरकुर करत होता."

"आणि राहिला उभा?"

"मी आधी शाळेची बस चालवायचे, सर."

प्राध्यापकांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं ठसका लागला. मग भिंग खिशात घालता घालता त्यांच्या हातून पडलं, ते उचलायला वाकले ते हसतच राहिले. "मी जन्मभर पोरांना शिकवतोय," ते डोळे पुसत म्हणाले, "की खेळणाऱ्याला आवरणं हा निम्मा धंदा आहे. पण असा पुरावा कुणी दाखवला नव्हता!" मग एकदम गंभीर झाले. "रंग का नाही मारला? तुकडे का नाही बसवले?"

तिनं मूळ जिवंत असल्याचं सांगितलं. त्यांनी चाकूनं काळ्या पावलातलाच एक तुकडा काढला. तळाशी बारीक, हिरवं, नवं टोक होतं. त्यांनी तो पुन्हा जागेवर बसवला, अंगठ्यानं दाबला आणि डार्लीनपुढं अभिनंदनाचा हात केला. मी खांबाआडून इतक्या जोरात ओरडलो, की पॅनकेक जमिनीवर पडला.

समितीनं गसची खुर्ची तिला दिली. आमच्याकडं एक रिवाज आहे: मैदानावर काम करणाऱ्या कुणाला अशी बढती मिळाली की एका सोमवारी, मैदान बंद असतं तेव्हा, ते दिवसभर त्याच्या एकट्याच्या हवाली करतात. त्यानं मनसोक्त खेळावं. तिची काठ्यांची बॅग मी उचलणार असं मी हट्टानं कबूल करून घेतलं होतं. ती रबरी बूट घालून, हात खिशात घालून आली. बॅग नव्हतीच. मीच आपली माझी बॅग खांद्याला लावली.

पहिल्या खड्ड्यापासून निघालो. ती मधेच वाके, तळव्यानं गवत दाबून बघे, पुढं जाई. असे आमच्या नऊ खड्ड्यांच्या मैदानाचे आठ झाले. आभाळ स्वच्छ, वारा नाही, आणि अख्ख्या मैदानावर आमच्यापुढं एक माणूस नाही! असा दिवस मिळावा म्हणून मी बायकोशी भांडलोय. शेवटी नवव्याशी मला राहवेना. काठी काढून मी तिच्या हातात कोंबली.

"अगं डार्लीन, सगळं मैदान तुझं आहे आज! एक चेंडू तरी मार! इतकी वर्षं इथं आहेस, कधी खेळताना बघितलं नाही तुला. का गं खेळत नाहीस?"

तिनं काठी माझ्या बॅगेत परत ठेवली.

"खेळलं की गवत खराब होतं, डॉक."