रुमाल टाकलेल्या जागा

माझ्या भाचीला घरात सगळे ‘मोजणी’ म्हणतात. लहानपणी जिन्याच्या पायऱ्या मोजल्याशिवाय ती वर यायची नाही. आता ती एका इस्पितळात कंप्युटरचं नेटवर्क सांभाळते. मी एकदा नीट विचारून घेतलं: नेटवर्कवर येणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता लागतो, असे पत्ते अडीचशे, आणि ते संपत आलेत का, यावर नजर ठेवायची. त्यासाठी तिने स्वतः एक तक्ता बनवला. साहेबांना तो इतका आवडला, की तिला नोकरीत कायम करायचं पत्र त्यांनी एका सकाळी सहीसाठी काढून ठेवलं.

त्याच सकाळी नोंदणीच्या खिडकीवर दहा नवे टॅब आले. एकही नेटवर्कवर येईना. रांग दारापर्यंत गेली. तक्ता मात्र म्हणे, साठ टक्केच भरलंय.

“माल भंगार आहे तुमचा! उचला आणि चालते व्हा,” साहेब टॅब घेऊन आलेल्या विक्रेत्यावर कडाडले.

“अहो साहेब, काल दुकानात सगळे चालत होते!” तो बिचारा रडकुंडीला आला.

मोजणीने पत्त्यांची यादी उघडली आणि तिचा चेहराच उतरला. जुन्या इमारतीतल्या शंभर यंत्रांचे पत्ते त्यांच्या नावाने राखून ठेवलेले. रंगकामामुळे ती यंत्रं बंद. तक्त्याने फक्त चालू यंत्रं मोजली, राखीव पत्ते मोकळे धरले. बसमधली डोकी मोजायची आणि सीटवर टाकलेले रुमाल सोडून द्यायचे, त्यातला प्रकार. ती गप्प बसली असती तर विक्रेता गेला असता आणि पत्रावर सही झाली असती.

“साहेब, टॅब चांगले आहेत. माझा तक्ता चुकलाय. बसमधली डोकी मोजली, सीटवरचे रुमाल राहिले.”

“हे आत्ता सांगताय?”

“आत्ताच कळलं.”

त्या शंभरांतल्या, केव्हाच मोडीत गेलेल्या दहा प्रिंटरांचे पत्ते तिने सोडवले. टॅब लगेच सुरू झाले. साहेबांनी पत्र ड्रॉवरमध्ये सरकवलं.

संध्याकाळी माझ्याकडे आली. “आत्या, मी मूर्ख आहे का गं?”

“मूर्ख नाहीस, बेरजेत कच्ची आहेस. चहा घे.”

पत्र अजून ड्रॉवरमध्येच आहे. पण साहेब रोज सकाळी तक्ता बघून तिला विचारतात, “हे रुमाल धरून ना?” माणूस इतपत विचारायला लागला, की सही फार लांब नसते. असलीच, तर मी जाऊन भेटते त्यांना.