एकवीस तोट्यांचा फव्वारा

‘‘अबे, बाहर निकल! फोटो में आ रहा है.’’

इंजिनिअर साहेब ओरडला. ज्याच्यावर ओरडला तो हौदात गुडघाभर पाण्यात उभा होता. पँट वर दुमडलेली, दोन्ही हात एका तोटीवर दाबलेले, तोंडावर पाण्याचे सपकारे. तो माझा बाबा होता. अन् त्याच्यापासून दहा पावलांवर, हातात आरतीचं ताट, अंगावर उसनी पिवळी साडी, अशी मी उभी होती.

बाजूच्या मॅडमनं विचारलं, ‘‘कौन है ये?’’

मी म्हटलं, ‘‘पता नहीं, मैडम.’’

लिहून टाकलं एकदाचं. इतकी वर्षं कोणाले सांगतलं नव्हतं. आता पहिल्यापासून सांगते.

रायपूर तेव्हा नवंनवं राजधानी झालं होतं. रोज कुठं रंग, कुठं फीत. आमच्या बागेतल्या कारंज्यालेही चांगले दिवस आले. कारंजं पुस्तकात, इथं सगळे फव्वाराच म्हणतात. त्याच्या आधी तो किती वर्षं बंद पडला होता. हौदात पोट्टे क्रिकेट खेळत, कोणी बकऱ्या बांधे. बाबा त्या बागेत रोजीवर माळी होता. वर्ध्याकडून आलेला, गुढियारीच्या मजूरवस्तीत राहणारा माणूस. फव्वारा सांभाळ असं त्याले कोणीच सांगतलं नव्हतं. पण दुपारी डबा खाऊन झाला की तो हौदात उतरे अन् सायकलच्या चाकाची तार घेऊन एकेक तोटी खरवडे. एकवीस तोट्या. नंबरानं ओळखे त्यायले. ‘‘सातवी लय नखऱ्याची आहे,’’ म्हणे. मधल्या दगडी कमळाची तुटलेली पाकळी त्यानंच सिमेंटनं बसवली. मी डबा घेऊन गेली की ‘‘ये पोट्टे’’ म्हणून मले काठावर बसवे, टाकीचं पाणी जरासं सोडून वाल, म्हणजे पाइपाची चावी, कसा फिरवाचा, दाब कसा ओळखाचा, ते शिकवे. त्या बागेत त्या वालची नस आम्हा दोघायलेच माहीत होती.

बारावी झाली, टायपिंग झालं, अन् मले बागेच्याच दफ्तरात कच्ची नोकरी लागली. बाबानं साऱ्या माळ्यायले पेढे वाटले.

उद्घाटनाच्या आधी ती मॅडम, एका साहेबाची बायको, स्वागताले पोरी निवडाले आली. इथल्याच जुन्या मराठी घरातली. तिचं मराठी एकदम स्वच्छ. मले पाहून म्हणाली, ‘‘मराठी का गं तू? ब्राह्मणपाऱ्यातली?’’

ब्राह्मणपारा म्हणजे जुन्या मराठी घरायची वस्ती. मी ‘‘हो’’ म्हटलं.

‘‘वाटलंच. आमच्यातलीच दिसतेस.’’

अन् बाप्पा, मले गोड वाटलं! सांगाची लाज वाटते, पण वाटलं. गुढियारी म्हटलं असतं तर ताट दुसरीच्या हाती गेलं असतं. त्यानंतर मी तिच्यासमोर हिंदीच बोलली. तोंडातून एक ‘मले’ निघालं असतं तरी तिले समजलं असतं मी कुठली ते. आमच्या गल्लीतल्या किती तरी पोरी अशाच हिंदीत लपत. घरात मराठी, दारात हिंदी. मी काही जगावेगळी नव्हती, पण त्यानं माझं पाप हलकं होत नाही.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यायच्या गाड्या फाटकाशी आल्या, पंप सुरू झाला अन् सातवी तोटी अडली. बाबा धावत हौदात उतरला. तारेनं तोटी मोकळी केली तर नव्या पंपाचा जबर दाब. पाणी थेट मंडपाकडं. त्यानं दोन्ही हातानं ते दाबून धरलं. वालचा खड्डा माझ्या पायाशी होता. त्यानं इकडंतिकडं पाहिलं, मी दिसली, अन् त्याचा चेहरा खुलला.

‘‘पोट्टे, तो वाल जरासा फिरव वं!’’

साऱ्या माना माझ्याकडं वळल्या. मॅडमचीही.

मी म्हटलं, ‘‘आप किससे बात कर रहे हैं?’’

बापाले ‘आप’ म्हटलं. तो पाहतच राहिला. हात ढिले पडले, पाणी पहिल्या रांगेवर गेलं. मग त्यानं पुन्हा तोटी दाबली, मग साहेब ओरडला, मग मॅडमनं विचारलं, अन् मी म्हटलं, पता नहीं.

बाबा बाहेर निघाला. माझ्या पायाजवळ वाकला अन् वाल स्वतःच फिरवला. त्याच्या कपड्यायचं पाणी माझ्या साडीवर पडलं. मी साडी आवरून घेतली. तो माझ्याकडं न पाहता झुडपामागं जाऊन उभा राहिला.

संध्याकाळी जेवताना तो मले म्हणाला, ‘‘बेटी, चावल और लोगी?’’

मी हसली. मले वाटलं, चिडवून राहिला. तो चिडवत नव्हता. त्या दिवसापासून आईसंग मराठी अन् माझ्यासंग हिंदी. कधी रागावला नाही, आवाज चढवला नाही. एकदा मी रडत म्हटलं, ‘‘बाबा, काहून असं करता? मले पोट्टे म्हणा ना.’’

तो म्हणाला, ‘‘आपको अच्छा नहीं लगता ना.’’

टोमणा असता तर सोसला असता. त्याले खरंच तसं वाटत होतं. मरतानाही ‘‘पानी दो, बेटी’’ म्हणूनच गेला. पोट्टे म्हटलं नाही.

आता मी त्याच दफ्तरात आहे, पक्की. मागच्या महिन्यात नव्या साहेबानं सांगतलं, फव्वाऱ्याजवळ इतिहासाचा बोर्ड लावाचा आहे, मजकूर लिहा. मी लिहिला. संगमरवर कधी लागला, रंगीत दिवे कधी आले, सारं लिहिलं. अन् एक ओळ, की हा फव्वारा बंद होता तेव्हा तुळशीराम नावाच्या माणसानं त्याच्या एकवीस तोट्या हातानं जित्या ठेवल्या.

साहेबानं पेन त्या ओळीवर ठेवला. ‘‘कौन है ये?’’

तोच सवाल. 

‘‘माझा बाप,’’ मी म्हटलं. मराठीत.

‘‘क्या?’’

‘‘मेरे बाप हैं. यहाँ रोजी पर थे.’’

तो हसला. ‘‘अरे, हटाइए. माली-वाली का नाम इतिहास में थोड़ी आता है.’’ अन् ओळ खोडली.

मी कागद त्याच्या हाताखालून ओढून घेतला. ‘‘मग हा इतिहास मी देत नाही.’’

‘‘नौकरी करनी है कि नहीं?’’

‘‘करनी है. ये लाइन भी रहेगी.’’

ओळ राहिली नाही. त्यानं दुसऱ्याकडून लिहून घेतलं, बोर्डही लागला. माझा कागद माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. ज्याची माफी मागाची तो बाबाच राहिला नाही.

सातवी तोटी अजूनही अडते. मी दुपारी चपला काढते, साडी खोचते अन् तार घेऊन हौदात उतरते. कोणी विचारलं तर सांगते, तुळशीरामची पोट्टी, गुढियारीची. पुढच्या वेळेस मोठे पाहुणे येतील, फोटो निघतील. त्या दिवशीही मी त्या पाण्यातच उभी राहीन. काढून दाखवा मले बाहेर.