बापूंचं विमान आणि आक्काताईंची खुर्ची

घरात रिकामे डबे साठतात तसे किस्से साठतात. कुणी मुद्दाम जमवत नाही, पण टाकवतही नाहीत. आमच्या मंडळाचे तर इतके झालेत की एक काढायला जावं तर वरचे चार अंगावर येतात!

मंडळ म्हणजे आम्ही तिघं. बापू पाटील, अजित चौगुले आणि मी, दिलीप. काम एकच, कम्प्युटरवर विमान उडवणं. याला 'गेम' म्हटलेलं आम्हाला खपत नाही. यात गोळ्या नाहीत, शत्रू नाही, पॉइंट नाहीत. खऱ्या विमानात जेवढी बटणं तेवढी यात, खऱ्या विमानाला हैदराबादला जायला जेवढा वेळ लागतो तेवढाच आम्हाला. आणि मध्ये पॉज दाबायचा नाही, हा मंडळाचा पहिला नियम.

कम्प्युटर बापूंच्या मुलीचा, रुपालीचा. बापूंचं घर कागल रोडला, सहा म्हशी, थोडा ऊस. रुपाली लग्न होऊन हैदराबादला गेली, तेव्हा कम्प्युटर इथंच ठेवला आणि त्यात हे सिम्युलेटर टाकून दिलं. कारण बापूंना विमानाची भीती वाटते. लेकीनं दोनदा तिकीट काढलं. एकदा म्हैस व्यायली म्हणून राहिलं, एकदा पोटात कळ आली म्हणून. म्हैस खरंच व्यायली होती, कळ मात्र खोटी होती, हे आक्काताईंनीच सांगितलं. आक्काताई म्हणजे बापूंची बायको. रुपालीचं म्हणणं, "पप्पा, हे शिका, म्हणजे भीती जाईल." पप्पा शिकले. भीतीचं पुढं सांगतो.

*

विमानाचं स्टेअरिंग मी बनवलं. ऑनलाइन मिळतं ते प्लास्टिकचं, बघूनच चीड येते. माझं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे, म्हटलं आपण काय मेलोय काय? लेथवर दांडा काढला, बेअरिंग बसवली, पॅडल जुन्या ट्रॅक्टरची लावली. वजन भरलं अकरा किलो. पहिल्याच दिवशी टेबलाचा पाय वाकला. मग टेबलही मीच केलं.

पहिला मान अजितचा. त्याचं शहरात कापडाचं दुकान, हात नाजूक. छोटं शिकाऊ विमान होतं. ते त्यानं धावपट्टीकडं वळवायला स्टेअरिंग फिरवलं, विमान सरळ गवतात. मी म्हटलं, सरक, तीस वर्षं गाडी चालवतोय. मीही गवतात. नंतर कळलं की जमिनीवर विमान हातानं वळतच नाही, पायानं वळतं. डावा ब्रेक वेगळा, उजवा वेगळा.

बापू बसले. डावा पाय दाबला, विमान जाग्यावर फिरलं आणि पांढऱ्या रेघेवर जाऊन उभं राहिलं. 

बापू म्हणाले, "ह्यात काय हाय? ट्रॅक्टरला दोन ब्रेक असत्यातच की. चिखलात डावा दाबला की डावीकडं फिरतोय."

त्या दिवसापासून कॅप्टन बापू. एक खोड तेवढी लागली, त्यांचे पाय आता स्वस्थ बसत नाहीत. जेवताना, टीव्ही बघताना, बँकेत रांगेत बसल्यावरसुद्धा डावा-उजवा चालू असतं.

*

दुसरा नियम बापूंचा, रिकामी गाडी न्यायची नाही. त्यामुळं मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर आक्काताई पॅसेंजर. त्या शेंगा फोडत नाहीतर मेथी निवडत बसायच्या. खऱ्या विमानात दोन पायलट असतात, एक विचारतो, दुसरा उत्तर देतो. आम्ही रविवारचेच, म्हणून बाकीचे सहा दिवस उत्तरं आक्काताईंची.

बापू यादी बघून विचारायचे, "दारं लावली?"

"लावली."

"पट्टा?"

"लावला."

"फ्लॅप?"

"हैत."

हे सगळं मेथीतून मान वर न करता, फ्लॅप म्हणजे पंखाच्या मागच्या झडपा, उडायच्या आधी खाली सोडायच्या, हे ठाऊक असो नसो. बापूंची तक्रार होती की ही नुसतं होला हो करते, हिला काही कळत नाही, पण रिकाम्या खुर्चीपेक्षा बरं.

एका रविवारी आम्ही तिघंही होतो. बोलण्याच्या नादात बापूंनी यादी अर्धीच वाचली आणि इंजिनाचा जोर वाढवला. विमान पळायला लागलं. मागून आवाज आला, "फ्लॅप ऱ्हायलं."

तिघांनी मान वळवली. आक्काताई मेथीच निवडत होत्या.

"तुला काय कळतंय त्यातलं?" बापूंनी विचारलं.

"रोज म्हनतासा. आज म्हनला न्हाईसा."

तोवर विमान धावपट्टी संपवून उजळाईवाडीच्या कुणाच्या तरी शेतात गेलं होतं. त्या दिवशी चहा बापूंनी केला.

*

हवामान आम्ही खरं लावतो. म्हणजे बाहेर पाऊस असेल तर पडद्यावरही पाऊस. पण बापूंचा इंटरनेटवर विश्वास नाही. गोव्याकडं जायचं असलं की ते आधी गगनबावड्याला मेव्हण्याला फोन लावतात. आक्काताईंचा भाऊ, नाव शिवाजी, त्याचं तिथं हॉटेल आहे.

"शिवा, पाऊस हाय काय?"

"हितं कवा नसतोय?"

आधी आठवड्यातून एकदा फोन जायचा. मग शिवाजीलाच चटक लागली. तो स्वतः होऊन सकाळी फोन करून धुकं किती, वारा कुठला, घाटातली गाडी दिसते की नाही, सगळं सांगायला लागला. एकदा श्रावणात आम्ही तिघं तयार होऊन बसलो, तेवढ्यात त्याचा फोन. म्हणाला, आज जाऊ नका, लक्षण बरं नाही.

आणि बापूंनी कम्प्युटर बंद केला हो! अजितनं जीव तोडून समजावलं की आपण या खोलीतून हलणारच नाही, भिजणार कोण? बापू म्हणाले, तो एवढ्या आपुलकीनं सांगतोय, त्याचा शब्द कसा मोडायचा? म्हणून मग आम्ही पत्ते खेळलो.

*

अजित जैन. घरचा दंडक असा की सूर्य बुडायच्या आत जेवायचं. रविवारी त्याची आई डबा देते. बापूंच्या त्या खोलीची खिडकी गोठ्याकडं, सूर्य काही दिसत नाही. पण पडद्यावर खरी वेळ लावलेली, सूर्यही खरा. अजितनं ठरवलं, पडद्यावरचा सूर्य समुद्राला टेकायला आला की डबा उघडायचा.

त्या दिवशी तो मस्कतला निघाला होता. पस्तीस हजार फुटांवर, तोंड पश्चिमेला. सूर्य काही खाली यायलाच तयार नाही. अजित खूश, म्हणतो, भावा, काय संध्याकाळ आहे बघ! एवढ्यात आईचा फोन. जेवलास का?

"न्हाय आई, अजून सूर्य हाय."

"कुठला सूर्य? हितं दिवा लावून झाला माझा."

अजितनं पळत जाऊन दार उघडलं. बाहेर अंधार. मग त्यानं आईला शास्त्र समजावलं. माणूस उंचावर गेला की त्याला सूर्य जास्त वेळ दिसतो, त्यात पश्चिमेला पळत असला तर आणखी, म्हणजे हिशेबानं मी अजून दिवसातच आहे. माऊलीनं सगळं ऐकून घेतलं.

म्हणाली, "तू गेलास वर. डबा खालीच हाय न्हवं?"

अजित तसाच उपाशी मस्कतला उतरला. चपात्या म्हशींनी खाल्ल्या.

*

कोल्हापुरातून कुठंही निघालं तरी आधी जोतिबाला एक फेरी, ही बापूंची प्रथा. पडद्यावर देऊळ नीट दिसत नाही. डोंगर आहे, वर कुठल्या तरी परदेशी धाटणीची दहा-बारा घरं उगवलीत. बापू म्हणतात, घरं चुकीची असतील, डोंगर तर बरोबर आहे.

एरवी कुणाला त्रास नव्हता. पण मग आम्ही इंटरनेटवरच्या एका ग्रुपमध्ये शिरलो. तिथं हौशी लोक विमानांना वाट सांगणारे कंट्रोलर बनून बसतात आणि आपल्याशी खऱ्यासारखं बोलतात, तेही इंग्रजीतून. त्या दिवशी कुणी मद्रासकडचा आवाज होता. त्यानं बापूंना सरळ पूर्वेला जायला सांगितलं. बापू वळले वायव्येला. त्यानं विचारलं, कुठं चाललाय? डोंगराभोवती का फिरताय? काही बिघाड आहे का?

अजितला घाम फुटला. मी तर हेडफोनच काढून ठेवला. बापूंनी घसा खाकरला आणि बटण दाबलं.

"सर, वन राउंड फॉर गॉड."

 पलीकडून आवाज आला, "अप्रूव्ह्ड."

पुढच्या रविवारी तोच कंट्रोलर होता. बापूंनी नुसतं नाव सांगितलं तर तोच म्हणाला, "गुड इव्हनिंग सर. वन राउंड फॉर गॉड?" आक्काताईंनी खुर्चीतूनच चांगभलं म्हटलं.

*

आता भीतीचं.

रुपालीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यामुळं इकडं खोली रंगवून तयार होती. सातव्या महिन्यात फोन आला की तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केलाय. लेक येणार नाही म्हटल्यावर आई-बापानं जायचं. बापूंच्या कमरेला पट्टा, रात्रभराची बस त्यांना झेपत नाही, मागच्या खेपेला चार दिवस आडवे होते. राहिलं विमान.

बापूंनी आक्काताईंना सांगितलं, तू जा, मी म्हशी बघतो. आक्काताई म्हणाल्या, गेलो तर दोघं. तेवढ्यात शिवाजीचा गगनबावड्याहून फोन, म्हशींची काळजी करू नका, मी येऊन राहतो. झालं, म्हशी पण गेल्या हातातून!

तिकिटं निघाली. बापू रोज पडद्यावर कोल्हापूर-हैदराबाद करायला लागले, तेच दोन पंख्यांचं विमान, तीच वेळ. उतरणं तर इतकं सुंदर की मागं चहाचा कप ठेवला तर हिंदकळणार नाही. आणि निघायच्या आदल्या रविवारी म्हणाले, दिलीप, माझ्या पोटात कळ येतीय.

मी भडकलो. म्हटलं, बापू, रोज हैदराबादला जाऊन येताय, आणि लेकीसाठी एकदा जायचं तर कळ?

बापूंनी मान खाली घातली. "तुमी नसता तवा मी पॉज दाबतो," ते म्हणाले. "उतरायच्या आधी. भ्या वाटलं की दाबतो, पानी पितो, मग उतरतो. तिथं कुठलं बटन हाय?"

 आक्काताईंकडं बघितलं, त्यांना ते माहीत होतं. त्या शेंगा फोडत राहिल्या. मी घरी जाऊन माझंही तिकीट काढलं. हैदराबादला मशीन बघायचंय असं सांगितलं. मशीन वगैरे काही नव्हतं.

*

विमानतळापर्यंत बापू ठीक होते. पायऱ्या चढताना पंखा बघून मला त्यातल्या दोन गोष्टी समजावूनही सांगितल्या. खिडकीशी ते, शेजारी आक्काताई, मी बरोबर मागं.

हवाई सुंदरीनं दार ओढून घेतलं आणि बापूंचा चेहरा पिठासारखा झाला. त्यांनी सीटचा पट्टा सोडला. "मी उतरतो," म्हणाले. आवाज त्यांचा वाटतच नव्हता. मी उठायला लागलो. माझ्या डोळ्यांपुढं फक्त रुपाली होती, ती तिकडं सकाळपासून फोन घेऊन बसली होती.

आक्काताईंनी त्यांचा हात धरला नाही, काही समजावलंही नाही. समोर बघत, रोजच्या आवाजात विचारलं, "दारं लावली?"

बापूंनी त्यांच्याकडं बघितलं. मग दाराकडं.

"लावली."

"पट्टा?"

बापूंच्या हातांना बकल सापडेना. दुसऱ्या वेळी खटका वाजला. "लावला."

"फ्लॅप?"

बापूंनी खिडकीला कपाळ लावून वर पंखाकडं नजर टाकली. जरा वेळ बघितलं. "हैत."

"मग चला की."

विमान पळालं, उडालं. आक्काताई हळूहळू सांगत होत्या, आता चाकं आत घेतील, धप्प वाजेल. वाजलं. आता आवाज कमी होईल, घाबरू नका, वर आल्यावर तुम्हीही कमीच करता. झाला. बापू डोळे मिटून मान हलवत होते. एकदाच डोळे उघडून म्हणाले, "जोतिबाला फेरी न मारताच निघाला ह्यो." आक्काताईंनी खिडकीकडं हात जोडले आणि बापूंचेही जोडायला लावले.

उतरताना बापूंचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवर बटण चाचपायला लागला. आक्काताईंनी तो उचलून आपल्या मांडीवर ठेवला. चाकं टेकली. बापूंचे पाय खाली सुरू झाले, डावा, उजवा, डावा, मग दोन्ही. विमान थांबलं. लोक उठले, बॅगा निघाल्या, रुपालीचा फोन वाजायला लागला, तरी बापू दोन्ही पाय जमिनीत रोवून तसेच.

पलीकडच्या सीटवरचा एक तरुण सगळं बघत होता. त्यानं अदबीनं आक्काताईंना विचारलं, "काका पायलट आहेत का?"

"व्हय. आज सुट्टीवर हैत," आक्काताई म्हणाल्या, आणि बापूंच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"पाय काढा आता. पोचलो."