हात लावू नये

आमच्या थोरल्या मेहुण्यांइतका खोटारडा सज्जन अख्ख्या सोलापूर जिल्ह्यात सापडायचा नाही. ते कुंभारीच्या पुढच्या एका शाळेत हेडमास्तर होते. दुपारच्या खिचडीतला दुधी, गाजर, पालक पोरं बोटांनी वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवायची आणि फाटकाबाहेरच्या गाड्यावर पोंगे खायला पळायची. मेहुण्यांनी जीवनसत्त्वांवर भाषणं दिली, तक्ते टांगले, पण ताटाच्या कडा काही रिकाम्या होईनात. शेवटी त्यांचं पक्कं मत झालं की दिलेलं पोरं खात नाहीत, चोरलेलं खातात.

मग हात धुण्याचं पाणी वळवून त्यांनी शाळेमागं गाजर, मुळा, काकडी, टोमॅटो लावले. पेरूचं जुनं झाड होतंच. त्यावर ‘हात लावू नये’ असा हातभर बोर्ड ठोकला. रोज प्रार्थनेनंतर कालच्या चोरीबद्दल ते असा गळा काढत, की नवख्याला वाटावं घरच फोडलं. मधल्या सुट्टीत मात्र बागेकडे पाठ करून खुर्ची टाकत आणि पेपर वाचत. एकदा मी शेजारी बसलेलो असताना मागं काकडी मोडल्याचा आवाज आला. मी मान वळवणार, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, “दाजी, तिकडं बघू नका. पोरगं बुजतंय की.”

चोरून चाखलेल्या भाज्यांची पोरांना गोडी लागली आणि ताटांच्या कडाही हळूहळू रिकाम्या होऊ लागल्या. पण सोंग फारच वठलं. गावाला मास्तरांचं नुकसान बघवेना. मेहुणे दोन दिवस प्रशिक्षणाला मंगळवेढ्याला गेले, तेवढ्यात गावकऱ्यांनी बागेला काटेरी तारेचं कुंपण घातलं आणि कुलपाची किल्ली नारळासकट त्यांच्या हातात ठेवली. महिनाभर गाजरं जमिनीत जून होत राहिली, ताटांच्या कडा पुन्हा भरल्या. मेहुण्यांचं जेवणातलं लक्षच उडालं. एके दिवशी भर मधल्या सुट्टीत, सगळ्यांच्या देखत, त्यांनी पक्कडीनं खालच्या दोन तारा तोडल्या आणि महिन्यापूर्वीची ती तार गंजली होती, असं सरपंचांना तोंडावर सांगितलं.

आता ते निवृत्त होऊन सोलापुरात राहतात. अंगणातला पेरू कंपाउंडबाहेर झुकलाय आणि त्यावर तसलाच बोर्ड आहे. कॉलनीतली पोरं शहाणी आहेत. बोर्ड वाचतात आणि पुढं जातात. परवा गेलो तर पिकलेले पेरू रस्त्यावर पडलेले, आणि आत मेहुणे झाडाकडे पाठ करून पेपर वाचत बसलेले. खरं सांगतो, वाईट वाटलं.

मी फाटक वाजवलं नाही. टाचा उंचावून एक पेरू ओढला, तशी फांदी चांगलीच वाजली. मेहुण्यांनी मान वळवली नाही. पेपर तेवढा जरा वर धरला.